स्टार्टरच्या पेटीतले आठ बिट

तासगावजवळ आमच्या विहिरीवर तीन फेजची मोनोब्लॉक मोटर आहे. तिच्या स्टार्टरच्या पेटीत मी स्वतः बनवलेला कंट्रोलर बसवलाय. आत आर्डुइनो उनो हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, त्यावर एटीमेगा ३२८पी चिप: रॅम २ केबी, आणि लाईट गेली तरी टिकणारी ईईप्रॉम १ केबी. एक बाईट म्हणजे आठ बिट, आणि प्रत्येक बिट ० किंवा १. म्हणून होय-नाही अशा आठ सेटिंग्ज तिथे एका बाईटमध्ये मावतात. मला चारच लागतात ('<<' म्हणजे १ ला तितकी घरं डावीकडे सरकवणं, '//' च्या पुढे माझी टीप):

ऑटो = १ << ०      // १, लाईट आली की मोटर आपोआप सुरू
ड्रायरन = १ << १   // २, पाणी तुटलं की बंद
फेज = १ << २      // ४, एक फेज गेला की बंद
एसएमएस = १ << ३   // ८, घडलं ते फोनवर कळव

ईईप्रॉममधून वाचलेल्या बाईटला कोडमध्ये मी 'पर्याय' म्हणतो. समजा त्यात १३ आले. बायनरीत ००००११०१. उजवीकडून वाचा: ऑटो आहे, ड्रायरन नाही, फेज आहे, एसएमएस आहे. कोडमध्ये हेच '&' सांगतो. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ उरतो.

००००११०१ & ००००००१० = ००००००००
००००११०१ & ०००००१०० = ०००००१००

दुसरं उत्तर ४ आलंय, १ नव्हे. म्हणून '== १' (१ च आहे का) नको, '!= ०' (शून्य नाही ना) लिहा.

खरी गोची दोन सेटिंग्ज एकदम तपासताना होते. मोटर सुरू करण्याआधी ड्रायरन आणि फेज दोन्ही हवेतच. '|' दोघांचे बिट एकत्र करतो:

रक्षण = ड्रायरन | फेज   // ६

१३ & ६ = ४. शून्य नाही, पण याचा अर्थ दोघांपैकी एक तरी आहे, एवढाच. दोन्ही हवेत तर उत्तर ६ च यायला हवं. मी लिहिलं होतं:

पर्याय & रक्षण == रक्षण

सी आणि सी++ मध्ये '==' आधी सोडवला जातो. रक्षण == रक्षण हे कायम खरं, म्हणजे १. मग उरतं पर्याय & १, आणि तो तर ऑटोचा बिट! चाचणीसाठी ड्रायरन बंद करून मी तो तसाच विसरलो होतो. तपासणी दर वेळी पास होत राहिली. एप्रिलात विहिरीनं तळ गाठला, रात्री लाईट आली, मोटर सकाळपर्यंत कोरडी फिरली आणि पंपाचं सील जळालं. नुसता कंस राहिला होता:

(पर्याय & रक्षण) == रक्षण

हा क्रम सी भाषेला तिच्या आधीच्या बी भाषेकडून मिळालाय. तिथे '&' लाच 'आणि'चंही काम असायचं. पुढे '&&' वेगळा झाला, पण '&'ची जागा तीच राहिली. पायथनमध्ये '&' आधी सुटतो, तरी कंस घालाच.

सेटिंग चालू करायचं तर पर्याय |= ड्रायरन, बंद करायचं तर पर्याय &= ~ड्रायरन. '~' सगळे बिट उलटे करतो, म्हणून तिथे फक्त ड्रायरनचाच बिट पुसला जातो. बेरीज करू नका. २ दोनदा मिळवले की भलताच बिट पेटतो. '^=' बिट उलटा करतो. एसएमएसवरून येणाऱ्या आज्ञेसाठी मी तो वापरत नाही, कारण रेंज नसली की तोच मेसेज आपण दोनदा पाठवतो आणि दुसरा पहिल्याचं काम पुसतो.

आणि नवी चिप बसवताना जपा. कोऱ्या ईईप्रॉमच्या प्रत्येक बाईटमध्ये २५५ असतात, म्हणजे आठही बिट १. ऑटोसकट सगळं चालू दिसतं, आणि त्या वेळी कुणी फूटव्हॉल्व (पाइपाच्या तळाची झडप) काढायला विहिरीत उतरलेलं असू शकतं. म्हणून सगळ्यात डावीकडचा बिट, म्हणजे १२८ चा, मी कायम ० ठेवतो. वाचल्या वाचल्या (पर्याय & १२८) != ० निघालं, तर लगेच पर्याय = रक्षण. ऑटो घरच्यांना विचारून मगच चालू करतो.