फराळाच्या पाकिटावर स्वतःचं नाव छापण्याआधी

ओळखीच्या घरांतून ऑर्डरी येत होत्या तोवर चकली साध्या डब्यातून गेली तरी चालत होतं, कारण घेणाऱ्याला ती करणाऱ्या काकूंचं घर माहीत होतं. तीच चकली आता दादरच्या दुकानातून अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातात जाणार असेल, तर काकूंच्या जागी पाकिटावरचं नाव उभं राहणार आहे. तयारी पावसाळ्यातच सुरू करा, आणि सुरुवात डिझायनरपासून करू नका.

सगळ्यात आधी चव कागदावर आणा. अंदाजाने घातलेलं मोहन, मूठभर तीळ, चवीपुरतं मीठ हे सगळं ग्रॅममध्ये मोजून लिहा. भाजणी किती बारीक दळायची, किती घाण्यांनंतर तेल बदलायचं, हेही त्यातच. मग मदतीला येणाऱ्या बायकांच्या हातात तो कागद द्या आणि स्वतः स्वयंपाकघराबाहेर बसा. त्यांची चकली कुठली आणि तुमची कुठली, हे घरच्यांना चाखून ओळखता आलं तर अजून छापखान्याची पायरी चढू नका. माझ्या मते ब्रँडचं निम्मं काम इथेच होतं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. दुसऱ्यांदा पाकीट घेणाऱ्याला पहिल्यासारखीच चव मिळायला हवी, बाकी सगळं त्यानंतर. पाकीट बंद करून ऑगस्टच्या दमट हवेत ठेवून पाहा. त्या हवेत कुरकुरीत राहिलेली चकली दिवाळीत दगा देणार नाही.

आता नाव. ‘अस्सल’, ‘घरगुती’, ‘चविष्ट’ हे शब्द सगळ्यांचेच आहेत, ते एकट्याच्या मालकीचे होत नाहीत. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचं नुसतं वर्णन करणारं किंवा गाव सांगणारं नाव सहसा ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे आपल्या मालाची कायदेशीर खूण म्हणून, नोंदलं जात नाही. आडनावाचा मोह समजण्यासारखा आहे. पण दुसऱ्या एखाद्या जोशींनी प्रामाणिकपणे स्वतःच्याच नावाने धंदा केला तर कलम ३५ मुळे त्यांना अडवणं कठीण जातं. बेडेकरांनी १९१० पासून गिरगावातून आडनावाला वजन मिळवून दिलं, आपल्याला ते अजून कमवायचं आहे. म्हणून मालाशी थेट संबंध नसलेला, तोंडात सहज बसणारा शब्द शोधा. तो फोनवर सांगून पाहा. समोरच्याला दोनदा विचारावं लागलं तर सोडून द्या.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट असतो. अगदी तेच नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, उच्चारात जवळ जाणारी नावंही पाहा. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही नावं गिऱ्हाइकाचा गोंधळ उडवण्याइतकी सारखी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ठरवलं होतं. पाकिटाच्या चित्राचंही तसंच. पार्ले विरुद्ध म्हैसूरची जे. पी. अँड कंपनी हा १९७२ चा निकाल प्रत्येक छोट्या उद्योजकाने समजून घ्यावा असा आहे. पार्ल्याच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टणावर बादली घेतलेली मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. समोरच्या कंपनीच्या वेष्टणावर गवताचा भारा घेतलेली मुलगी आणि वेगळ्या गाई-कोंबड्या. तपशील वेगळे असूनही न्यायालयाने पार्ल्याच्या बाजूने निकाल दिला, कारण गिऱ्हाईक दोन पाकिटं शेजारी ठेवून तुलना करत नाही. त्याच्या मनात एक ढोबळ चित्र राहतं आणि तो त्याच्या भरवशावर हात पुढे करतो. तेव्हा प्रसिद्ध फराळवाल्यांचा रंग आणि मांडणी ‘थोडी बदलून’ घेऊ नका. स्वतःचं ढोबळ चित्र एकदा ठरवलं की दरवर्षी नवं करण्याची हौसही आवरा.

ट्रेडमार्क नोंदणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. वर्ग एकूण ४५ आहेत. मसाले आणि पिठं वर्ग ३० मध्ये येतात, लोणची २९ मध्ये. पुढच्या वर्षी लोणचं काढायचं मनात असेल तर आत्ताच विचार करा. अर्ज कोणाच्या नावे करायचा हे घरात मोकळेपणाने बोलून ठरवा. चुली वेगळ्या होताना हाच प्रश्न सगळ्यात जास्त दुखतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. ती हातात येईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्कचं लघुरूप) लावा. वर्तुळातला ‘आर’ नोंदणीआधी छापणं गुन्हा आहे.

लोगो बाहेरच्या डिझायनरकडून करून घेणार असाल तर पैसे दिले म्हणजे हक्क मिळाले असं धरू नका. हक्क तुमच्याकडे दिल्याचं सहीनिशी लेखी घ्या, त्यात मुदतही लिहा. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षांचीच धरली जाते. आणि लोगो आधी देवनागरीत करून घ्या, रोमन नंतर. दुकानांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाच्या पाटीवर मराठी नाव सक्तीचं आहे, तेही इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत. उद्या स्वतःचं दुकान झालं तर पाटी हीच लागेल. अक्षरं घडवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी टंक (फाँट) व्यवसायासाठीही मोफत वापरता येतात, त्यामुळे देखणं अक्षर महाग असतं ही सबब उरत नाही.

लेबलवरच्या बाबी एकदा तपासून टाका: एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, कमाल किंमत, तारखा, पत्ता, तक्रारीचा फोन. तो फोन कोण उचलणार हे नक्की करा. उचलणारीने वाद न घालता पाकीट बदलून द्यायचं, एवढा अधिकार तिला द्या.

दुकानदाराशी पहिल्याच दिवशी उधारीइतकंच परतीचंही बोला. मुदत संपत आलेली पाकिटं तुम्ही स्वतः उचलून न्यायची. खवट चिवड्याचं एक पाकीट फळीवर राहिलं तर बोल दुकानदाराला लागत नाही, पाकिटावरच्या नावाला लागतो.

जाहिरात आणि प्रदर्शनातला स्टॉल सगळ्यात शेवटी. छापील पाऊचसाठी रंगामागे एक छपाईचा सिलिंडर (रूळ) करावा लागतो आणि माल मोठ्या संख्येने उचलावा लागतो. पहिल्या दिवाळीला साधे पाऊच घ्या आणि त्यावर नीट छापलेलं लेबल चिकटवा. तुळशीच्या लग्नापर्यंत दुकानदारांचे हिशेब होतील, कोणता पदार्थ परत मागितला गेला ते कळेल. सिलिंडरची ऑर्डर त्यानंतर द्या, तीही त्याच पदार्थाची.