अर्ध्या तासाचा निबंध

पदवीच्या पहिल्या वर्षी आम्हाला एक कथनात्मक निबंध लिहायला सांगितला होता. स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग, सातशे शब्दांत. मी सात पानं लिहून नेली. सुरुवात केली होती १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे आमचा मराठी भाग म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला त्या दिवसापासून. मग या सीमाप्रश्नासाठी नेमलेला महाजन आयोग, त्याचा १९६७चा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, दरवर्षी १ नोव्हेंबरला पाळला जाणारा काळा दिन. पाचव्या पानावर कुठेतरी मी आणि माझा आज्जा शेताच्या उताऱ्यासाठी कचेरीच्या रांगेत उभे होतो. सरांनी समासात एकच ओळ लिहिली होती, ‘यात तू कुठे आहेस?’

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून दहावी होऊन जी मुलं कॉलेजला जातात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्या भागात वाढलेल्या मुलाला लिहायला सांगितलं की त्याच्या हातून आधी इतिहास उतरतो. घरात, गणपतीच्या मंडपात, पारावर तेच ऐकत आपण मोठे झालेलो असतो. तो इतिहास खराच आहे, आणि आपल्या भाषेत कागद मिळत नाहीत हे दुःखही खरं आहे. ते वैचारिक निबंधात जरूर मांडावं. कथनात्मक निबंधाला मात्र एक जागा, एक वेळ आणि त्यात सापडलेलं एक माणूस लागतं.

कचेरीतला तो प्रसंग असा. मी आठवीत होते. आज्जाला अक्षरओळख नव्हती. घरात कन्नड वाचता येणारी मी एकटीच, तेही शाळेत शिकले तेवढंच. खिडकीतून उतारा हातात आला. आज्जा म्हणाला, “नाव वाच आदी.” मी वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, “आज्जा, ह्यात तुझं नाव न्हाई. दुसऱ्याचंच हाय.” त्याचा चेहरा उतरला. रांगेतली माणसं पुढे सरकली, कुणीतरी म्हणालं, असंच करत्यात ह्ये. मी खिडकीशी जाऊन भांडले. आतल्या कारकुनानं कागद माझ्याकडे फिरवला, पहिल्या अक्षरावर पेनाचं टोक ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, “इल्लि नोडम्मा,” म्हणजे इथे बघ गं. कन्नडमधला ‘व’ आणि ‘म’ सख्ख्या भावांसारखे दिसतात. ‘म’ला उजवीकडे एक जादा वळसा असतो, तेवढाच फरक. मी ‘म’चा ‘व’ वाचला होता. नाव आज्जाचंच होतं.

पहिल्या सात पानांत हे नव्हतं. तिथे मी चूक कचेरीच्या माथी मारली होती आणि मी त्या अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली मुलगी होते. सरांनी बोलावून विचारलं, “पुढं काय झालं?” मी गप्प बसले. मग सांगितलं. ते म्हणाले, “हाच तुझा निबंध. बाकीची पानं घरी ठेव.”

प्रसंग निवडताना मी आजही याच खुणेवर जाते. जे सांगायला जीभ अडखळते, तिथे बहुतेक वेळा निबंध असतो. मोठी घटना शोधू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर आलं होतं. त्या पट्ट्यातला एक मुलगा माझ्याकडे शिकायला यायचा. त्याने पुरावर लिहिलेला निबंध बातमीसारखा होता, म्हणजे पाणी वाढलं, रस्ता बंद झाला, लोकांचे हाल झाले. मी विचारलं, “घर सोडताना आईनं पहिल्यांदा काय उचललं?” तो लगेच म्हणाला, “शिलाई मशीनचं डोकं. पायंडल ठेवलं तिथंच, डोकं घेतलं पोटाशी धरून.” पोराला वाटत होतं, हे काय लिहायचं! दुसऱ्या खर्ड्यात त्याने त्या मशीनपासून सुरुवात केली, आणि पूर कितपत होता हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

आता आखणी. मी कागदावर एक आडवी रेघ ओढायला लावते. एका टोकाला प्रसंग सुरू झाला ती वेळ, दुसऱ्या टोकाला संपला ती. रेघ शक्यतो अर्ध्या तासाची, फार तर एका दुपारची. त्यावर एक फुली मारायची, जिथे तुमच्या मनात काहीतरी फिरलं तिथे. माझी फुली पेनाच्या टोकावर होती. फुलीच्या आसपासच्या दोन मिनिटांना निम्मे शब्द द्यायचे. सकाळी उठलो, दात घासले, बस पकडली, हे सगळं एका वाक्यात. सुरुवात फुलीच्या जितकी जवळून करता येईल तितकी करावी. माझा दुसरा खर्डा ‘नाव वाच आदी’ या वाक्याने सुरू झाला. आज्जा कोण, कचेरी कसली, मी कितवीत, हे पुढच्या चार-पाच ओळींत आपसूक आलं. १९५६ला शेवटी एक ओळ मिळाली. आज्जाचा जन्म मुंबई राज्यातला आणि उतारा कर्नाटकाचा, मधे गाव मात्र जागचं हललं नव्हतं.

लिहिताना सगळ्यात जास्त अडतं ते बोलण्यापाशी. घरी आपण ‘काय करुलाईस?’ म्हणतो आणि वहीत ‘तू काय करीत आहेस?’ लिहितो. गुण जातील ही भीती असते. माझं मत ठाम आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, अवतरणातलं बोलणं माणूस जसं बोलला तसंच लिहा. कारकुनाचे दोन कन्नड शब्दही तसेच ठेवा, कारण ते मराठीत आणले की तो माणूसच नाहीसा होतो. फक्त बोलणं थोडं हवं. पानभर संवाद झाला की नाटक होतं. माझ्या निबंधात बोललेली वाक्यं सहाच होती.

काळ सांभाळा. ‘मी गेले’ म्हणून सुरुवात केली आणि मधेच ‘मी बघते तर काय’ आलं, की वाचणारा ठेचकाळतो. भावनांची नावं जपून वापरा. ‘मला फार लाज वाटली’ हे मी खोडलं आणि त्या जागी कारकुनाच्या बोटावरचा शाईचा डाग लिहिला. त्या वेळी मान खाली घालून मी तेवढंच बघत होते.

कथनाचा वेग कान देऊन शिकता येतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांत कथाकथन होतं, तिथे वही घेऊन बसा. सांगणारा कुठे घाई करतो आणि कुठे थांबून मंडपाकडे बघतो, तेवढं टिपून आणा. मी दोन हिवाळे हे केलं, आणि परिच्छेद कुठे तोडायचा हे मला तिथे कळलं.

शेवट करताना माझी फजिती व्हायची. दुसऱ्या खर्ड्यात मी शेवटी शपथ घेतली होती, कन्नड नीट शिकेन वगैरे. ती काढली आणि निबंध आज्जाने उताऱ्याची चौघडी करून बंडीच्या खिशात ठेवली तिथे थांबवला.

आणि पक्का खर्डा द्यायच्या आधी, त्या प्रसंगात हजर असलेल्या माणसाला तो वाचून दाखवा. मी आज्जाला वाचून दाखवला. माझी चूक सगळ्यांसमोर मांडल्याबद्दल तो काही बोलला नाही. सगळं ऐकून म्हणाला, “पाऊस न्हाई लिवलीस. उतारा भिजंल म्हणून तू दप्तरात घातलीस, माज्याकडं दिलाच न्हाईस.” म्हणजे बंडीचा खिसा माझ्याच मनाचा होता. मी शेवटच्या चार ओळी पुन्हा लिहिल्या.