पाळीपूर्वीचा त्रास : उपचारात होणाऱ्या या चुका टाळा

पाळीच्या आधी चिडचिड होणे, रडू येणे, पोट फुगणे, स्तन दुखणे असा त्रास होत असेल, तर औषधाच्या आधी तारखा हव्यात, आणि नेमके तेच बहुतेकींकडून राहून जाते. 'दर महिन्याला असेच होते' एवढ्या उत्तरावर डॉक्टरांचे भागत नाही, कारण वाईट दिवस ध्यानात राहतात आणि बरे दिवस विसरले जातात. सलग दोन पाळ्या होईपर्यंत रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर मनःस्थिती, झोप आणि अंगदुखी यांना ० ते ३ असे गुण लिहावेत. त्रास पाळीआधीच्या एक-दोन आठवड्यांत वाढून रक्तस्राव सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरत असेल आणि पुढचा आठवडा मोकळा जात असेल, तर तो पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, म्हणजे पाळीपूर्वीचा त्रास) असण्याची शक्यता अधिक. महिनाभर सारखाच राहत असेल, तर थायरॉइड, रक्तक्षय आणि नैराश्य तपासून घ्यावे. नागपूरकरणींनी केवळ मे महिन्याच्या नोंदीवर विसंबू नये. पारा ४५ अंशांवर गेला की झोप सगळ्यांचीच उडते.

दुसरी चूक औषधाच्या दुकानात होते. मेफेनॅमिक अॅसिडची गोळी पोटातल्या कळांवर चालते, चिडचिडीवर नाही. जीवनसत्त्व ब-६ 'व्हिटॅमिनच तर आहे' म्हणून दीर्घकाळ मोठ्या मात्रेत, विशेषतः दिवसाला १०० मिलिग्रॅमहून अधिक, घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. त्यापेक्षा आहार आणि पूरक गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणे बरे. सगळा दोष तर्री-पोह्यावर ढकलणे मात्र मला पटत नाही. मीठ कमी केल्याने हा त्रास हटतो, याला भक्कम पुरावा नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन ही नैराश्यावरची औषधे लिहून दिल्यावर 'ही तर मानसिक रुग्णांची गोळी' म्हणून चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवणे. तीव्र पीएमएसमध्ये हीच औषधे सहसा प्रथम दिली जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरतीही घेता येतात आणि नैराश्यात लागतो त्यापेक्षा लवकर गुण येतो. मूल हवे असल्यास ते आधीच सांगावे, म्हणजे या त्रासावर दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांचा पर्याय आपोआप बाजूला पडतो.

जीव नकोसा वाटण्याइतकी अवस्था होत असेल, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) मनोविकार विभागात जावे. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर अहोरात्र बोलता येते.