गेम टेस्टिंग शिकताय? मग या चुका टाळा

"दरवाजा उघडत नाही. गेममध्ये बग आहे."

विद्यापीठात गेम टेस्टिंगचं प्रॅक्टिकल घेताना माझ्याकडे येणारा पहिला रिपोर्ट बहुतेक वेळा असाच असतो. कोणता दरवाजा, कोणती बिल्ड (गेमची नेमकी आवृत्ती), किल्ली घेतली होती का, कशाचाच पत्ता नाही. डेव्हलपर बिचारा गेम सुरू करतो, दरवाज्यापाशी जातो, दरवाजा उघडतो. 'माझ्याकडे होत नाही' असा शेरा मारून तो रिपोर्ट बंद करतो, आणि विद्यार्थी कुरकुरतो की आमचं कुणी ऐकतच नाही.

तोच बग नीट लिहिलेला बघा: "बिल्ड ०.४.२, पीसी, कंट्रोलर. लेव्हल २ मध्ये किल्ली उचला. पुढचा चेकपॉइंट ओलांडून मुद्दाम मरा. गेम पुन्हा सुरू झाल्यावर दरवाज्यापाशी जा. किल्ली इन्व्हेंटरीत (जवळच्या वस्तूंच्या यादीत) दिसते, तरी 'किल्ली हवी' असा मेसेज येतो. अपेक्षित: दरवाजा उघडावा. १० प्रयत्नांत ७ वेळा." यातलं सगळ्यात मोलाचं ते शेवटचं वाक्य. ७ वेळा झालं म्हणजे ३ वेळा झालं नाही. त्या ३ वेळांत वेगळं काय होतं हे सापडलं की निम्मं काम उरकतं. इथे त्या तिन्ही वेळा मरण्याआधी खेळाडूने स्वतः सेव्ह केलेलं होतं. म्हणजे संशय दरवाज्यावर नाही, चेकपॉइंट (मेल्यावर गेम जिथून पुन्हा सुरू होतो ती जागा) काय साठवतो त्यावर घ्यायचा.

जाता जाता: बग किती गंभीर आणि तो किती तातडीचा, या दोन वेगळ्या गोष्टी. सुरुवातीच्या स्क्रीनवर गेमचं नावच चुकीचं लिहिलं असेल तर काही कोसळत नाही, पण ते आजच दुरुस्त व्हायला हवं.

बग नाही, तरी खेळाडू अडलाय

आता दरवाजा व्यवस्थित उघडतो, पण किल्ली कुणाच्या नजरेलाच पडत नाही. कोडमध्ये चूक नाही, तरी गेम फसलाय. इथून वापरसुलभतेचा भाग सुरू होतो आणि इथेच बरेच जण वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांची १९९४ची १० तत्त्वं घेऊन गेमवर चालून जातात. 'चुका होऊ नयेत' या तत्त्वाखाली एकाने लिहिलं होतं, खेळाडू खड्ड्यात पडतो, तिथे कठडा लावा. अरे, मग खेळायचं काय?

ती तत्त्वं टाकाऊ नाहीत. 'सध्या काय चाललंय ते दिसायला हवं' हे गेमलाही तितकंच लागू पडतं. उरलेलं आयुष्य दिसलं नाही तर खेळाडू चिडणारच. फक्त प्रत्येक अडचणीला एक प्रश्न विचारा: खेळाडू राक्षसाशी झुंजतोय की बटणाशी? राक्षसाशी झुंजत असेल तर ती अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, तिला हात लावू नका. बटणाशी झुंजत असेल तर नोंद करा. गेमसाठीची वेगळी तत्त्वंही आहेत. २००८मध्ये पिनेल आणि सहकाऱ्यांनी पीसी गेमच्या १०८ परीक्षणांतल्या तक्रारी चाळून अशी १० तत्त्वं मांडली. ती आधी वाचा.

तोंड बंद ठेवा

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एका विद्यार्थिनीने स्वतःच्या कोडे-गेमची चाचणी घेतली. धबधब्यामागे एक खटका होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: 'सहाही खेळाडूंनी लेव्हल पार केली.' मी रेकॉर्डिंग लावलं. चाळीसेक सेकंद खेळाडू गोल गोल फिरतोय, आणि मग तिचा हळू आवाज: "डावीकडे बघ ना जरा." पुढच्या खेळाडूला तेच. सहाही जणांना तेच. आपण मदत केली हे तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं. स्वतःच्या गेममध्ये कुणी अडकलेलं बघवत नाही, हे मलाही कळतं. पण ती लेव्हल धबधब्याने नाही, तिच्या जिभेने पार करून दिली होती.

उपाय साधा आहे. मदत केव्हा करायची ते आधीच कागदावर ठरवा, समजा ३ मिनिटांनी. आणि मदत केली की ते काम 'अयशस्वी' धरा. खेळाडूने "हे दाबू का?" विचारलं तर "मी इथे नसते तर तू काय केलं असतंस?" एवढंच म्हणा. नंतरच्या मुलाखतीतही जपून. "ट्युटोरियल सोपं वाटलं ना?" यातला तो 'ना' उत्तर आधीच ठरवून टाकतो. "ट्युटोरियलमध्ये काय काय झालं, सांग" असं विचारा.

'मनात येईल ते बोलत खेळ' ही पद्धत कोडी किंवा डावाडावाने चालणाऱ्या गेममध्ये छान चालते. धावत्या मारामारीत मात्र खेळाडू नेमका मोक्याच्या क्षणी गप्प होतो, किंवा बोलण्याच्या नादात मरतो. तिथे त्याला निवांत खेळू द्या, आणि संपल्यावर त्याचंच रेकॉर्डिंग दाखवून बोलतं करा.

खेळाडू म्हणून वर्गमित्र धरून आणणं ही आणखी एक सवय. त्यांची बोटं वर्षानुवर्षं कंट्रोलरवर बसलेली असतात, त्यांना तुमचं ट्युटोरियल लागतच नाही. शिवाय कोरा खेळाडू एकदाच कोरा असतो. तेच ट्युटोरियल त्याच माणसावर पुन्हा तपासता येत नाही.

आकड्यांची गंमत

'५ खेळाडू पुरतात' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, त्यामागचं गणित कुणालाच नाही. निल्सनच्या २०००च्या लेखात गृहीतक असं: एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के. पण एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. आणि पाच जण पुरतात ते अडचणी शोधायला. 'पाचपैकी चौघांना आवडला, म्हणजे ८० टक्के पसंती' असं लिहायला नाही.

एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभता मोजणारी जॉन ब्रुकची १० विधानांची प्रश्नावली, प्रत्येक विधानाला १ ते ५ मध्ये उत्तर. ती वापरताना तर हमखास घोटाळा होतो. तिच्यातली सम क्रमांकाची विधानं उलटी असतात: विषम विधानांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम विधानांचं उत्तर ५ मधून वजा करायचं, आणि बेरजेला २.५ ने गुणायचं. सम विधानं उलटवायला विसरलात तर बेहद्द खूश खेळाडू आणि पुरता वैतागलेला खेळाडू, दोघांचाही आकडा ५० येतो. सगळे आकडे पन्नाशीभोवती घुटमळत असतील तर गेमला दोष देण्याआधी एक्सेलची शीट उघडा. आणि ७२ आले म्हणजे ७२ टक्के नव्हे. साधारण सरासरीच ६८च्या आसपास असते.

रेकॉर्डिंगची लेखी परवानगी आधी घ्या, आणि गेममध्ये भराभर उघडझाप करणारे प्रकाश असतील तर तेही खेळाडूला आधीच सांगा. यावर चर्चा नाही.

आदल्या दिवशी एका मित्राला बसवून सगळी चाचणी एकदा पुरी करून बघा. माइक म्युटवर होता, स्क्रीन रेकॉर्डरने गेमऐवजी रिकामा डेस्कटॉप टिपला, टास्कच्या कागदावर जुन्या बटणाचं नाव राहिलं, हे सगळं तेव्हाच कळतं. सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर दोन व्हिडिओ जुळवताना तेवढा एक आवाज पुरतो.