शस्त्रक्रियेनंतरही पापणी झुकलेलीच राहिली, तर

पहिले काही आठवडे सुजेमुळेच वरची पापणी जड होऊन खाली येते, त्यामुळे लगेच दुसऱ्या शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये. टाका सुटल्याचं पहिल्या आठ-दहा दिवसांतच स्पष्ट दिसलं, तर सर्जन तीच जखम उघडून दुरुस्ती करू शकतात. ती वेळ टळली की आतला व्रण मऊ पडेपर्यंत, म्हणजे साधारण ३ ते ६ महिने, थांबलेलं बरं. मात्र एकाचं दोन दिसणं, बाहुल्या लहान-मोठ्या होणं किंवा अचानक प्रचंड डोकं दुखणं यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. संध्याकाळी पापणी जास्त पडत असेल, तर आधी मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची, तपासणी.

खरा निर्णय मोजपट्टीवर होतो. भुवई अंगठ्याने घट्ट दाबून धरायची, आधी पूर्ण खाली, मग पूर्ण वर बघायला सांगायचं आणि पापणीची कड किती सरकली ते मोजायचं. भुवई मोकळी सोडली, तर कपाळाचा स्नायू पापणी उचलतो आणि आकडा फुगतो. कड १० मिमीपेक्षा जास्त सरकली, तर पापणी उचलणारा लिव्हेटर स्नायू बहुधा ठीक असतो. त्याचा पातळ पडदा निसटलेला असतो आणि तो पुन्हा जागेवर शिवतात. ४ मिमीच्या आत असेल, तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. मधल्या आकड्यांत लिव्हेटर आखूड करतात. फेनिलेफ्रिन २.५ टक्के थेंबाने काही मिनिटांत पापणी वर आली, तर पापणीच्या आतल्या बाजूने शस्त्रक्रिया जमते. आधी कापलेल्या त्वचेला हात लागत नाही, हा मोठा फायदा.

दुसऱ्या खेपेला आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात. चरबीची पिवळी पिशवी हीच खूण, लिव्हेटर तिच्या मागे असतो. स्थानिक भूल कमीत कमी द्यावी, जास्त झाली की लिव्हेटरच सुस्तावतो. भुलेतलं ॲड्रेनॅलिन उलट पापणी थोडी वर ओढतं, त्यामुळे टेबलावरची उंची फसवी असते. म्हणून पक्की गाठ मारण्याआधी रुग्णाला उठवून बसवतात आणि दोन्ही डोळे पाहतात. एक पापणी उचलली की दुसरी कधीकधी उतरते; हे आधीच तपासलेलं असावं.

त्वचा पुन्हा कापू देऊ नका. भुवई ते पापणीच्या केसांपर्यंत सुमारे २० मिमी उरली नाही, तर डोळा मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं.

घरी पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, झोपताना डोकं उंच, मलम आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब. टाके ५ ते ७ दिवसांनी निघतात. डोळा बाहेर ढकलल्यासारखा वाटून खूप दुखू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर तो आतला रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट पाहू नये.