चाटून चाटून टक्कल पडलेल्या मांजरीला हात कसा लावावा

गणपतीला आठ दिवस असताना आमच्याकडे घर धुवायला काढतात. मग मुंबईचे चाकरमानी येतात, पडवीत बॅगांचा ढीग लागतो, रात्री ओटीवर भजन. गेल्या वर्षी या सगळ्यात आमच्या ठमीने स्वतःला चाटायला घेतलं ते थांबेचना. गौरी गेल्या तोवर पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या आत तळहाताएवढी गुलाबी कातडी उघडी पडली होती. आई म्हणाली, "खरूज झाली आसतली गो, करंजेल लाव."

करंजेल लावू नका. कुठलंच तेल लावू नका. मांजराच्या अंगावर लावलेलं सगळं तासाभरात त्याच्या पोटात जातं. कापूर आणि टी-ट्री तेल तर त्याला विषारीच.

आधी डॉक्टर, मग हात

केस गळतात की चाटून तुटतात, हे घरी कळतं. टकलाच्या कडेला बोट उलटं फिरवा. दाढीच्या खुंटासारखं टोचलं, तर ती चाटते आहे. मग बारीक फणीने पाठ आणि शेपटीचं मूळ विंचरा आणि फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. भोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची घाण, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. पिसू दिसली नाही म्हणून ती नाहीच असंही समजू नका. इतकं चाटणारी मांजर पिसवा गिळूनही टाकते, आणि आपल्या दमट हवेत त्यांना तोटा नसतो.

मांजर चाटतंय म्हणजे 'टेन्शन', असं ठरवून मोकळं होण्याची घाई आपल्याला फार. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात, मानसिक कारणाने चाटतात असा संशय असलेली 21 मांजरं नीट तपासली, तेव्हा 16 जणांचं कारण निव्वळ शारीरिक निघालं. निव्वळ मनाचं फक्त दोघांचं. ॲलर्जी, अन्न न मानवणं, मूत्राशय दुखणं, काहीही असू शकतं. म्हणून आधी पशुवैद्यकाकडे. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला चुकूनही घालू नका. त्यातल्या कित्येकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजर दगावू शकतं.

ठमीला पिसवा होत्याच. औषध घातलं, खाज गेली, पण चाटायची सवय उरली. हाताचं काम तिथून सुरू झालं.

जागा

आंब्याची रिकामी पेटी आडवी करून तिच्यात जुनी सुती साडी घाला आणि माजघरात, येण्याजाण्याच्या वाटेवर नसेल अशी ठेवा. मांजर आत असताना तिला ओढून काढायचं नाही. जेवणाच्या आधी किंवा ती खिडकीतून गावच्या बोक्यावर डोळे वटारून बसलेली असताना जाऊ नका. दुपारी, पाऊस एका लयीत लागलेला असताना बरं जमतं. हात धुऊन कोरडे करा. बांगडे साफ केलेल्या हाताने गेलात, तर उपचार बाजूला राहील.

हात

जमिनीवर, तिच्या बाजूला बसा, समोर नको. टक लावून बघू नका. एक बोट वाकवून तिच्या नाकापासून वीतभर लांब धरा आणि थांबा. ती पुढे येऊन गाल घासेल. नाही घासला, तर आज नाही, उठा. मला पहिले तीन दिवस उठावं लागलं.

गाल घासला की तिथूनच सुरुवात. गाल, हनुवटी, कानाचं मूळ या बहुतेक मांजरांच्या आवडीच्या जागा. मी वापरते ते गोलाकार स्पर्श लिंडा टेलिंग्टन-जोन्स या घोड्यांच्या प्रशिक्षक बाईंचे. माणसांच्या शरीराच्या हालचालींवर काम करणाऱ्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकून त्यांनी ते जनावरांसाठी बसवले. या पद्धतीला टी-टच म्हणतात. याने केस उगवतात असं मी म्हणणार नाही. मांजर स्वतःला न चाटता काही वेळ स्वस्थ बसतं, एवढंच.

बोटाच्या टोकाखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजा. सहावर बोट टेकवा, काट्याच्या दिशेने पूर्ण फेरा घेऊन परत सहावर या आणि पुढे नऊपर्यंत जा. म्हणजे सव्वा फेरा. बोट केसांवरून घसरू द्यायचं नाही. बोटाबरोबर कातडी हलली पाहिजे. दाब किती? आपल्या मिटलेल्या पापणीवर बोट फिरवून बघा, त्रास होणार नाही तेवढाच. एका फेऱ्याला दोन सेकंद. मग बोट उचला आणि दुसऱ्या जागी टेकवा. एकाच जागी घिरट्या घालत बसू नका. आणि आपला श्वास सोडा! मी तो धरून ठेवत होते, हे ठमीला माझ्याआधी कळलं.

तीन-चार फेरे झाले की हात मागे घ्या. ती डोकं पुढे करते का बघा. केलं तर कान: अंगठा आणि बोटामध्ये मुळाशी हलकेच धरून टोकापर्यंत सरकत जा, जसा कढीपत्ता काडीवरून ओरबाडतो त्याच्या नेमका उलट हात. आठवडाभराने खांदे, पाठीचा वरचा भाग. टकलाला हात नाही, पोटालाही नाही, ती उताणी लोळली तरी.

कधी थांबायचं

शेपटीचं टोक फटकारायला लागलं, पाठीच्या कातडीवर लाट गेली, कान आडवे झाले, मान झटक्यात हाताकडे वळली, की हात खाली. ओरखडा काढेपर्यंत वाट बघितलीत, तर चूक तुमची. मध्येच ती घाईघाईने चाटू लागली, तरी थांबा. "नको गो" म्हणून ओरडू नका, तोंड धरू नका. त्याने चाटणं वाढतं. दोन-तीन मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, बस्स. ठरलेल्या वेळी केलंत तर ती स्वतःच येऊन बसते.

दर रविवारी टकलाचा एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. केस यायला आठवडे, कधी महिने लागतात. जखम झाली, रक्त आलं किंवा खाणं सुटलं, तर पुन्हा डॉक्टर. बोका मुतायला बसून कुंथतोय आणि काही येत नाही, तर फेरे-बिरे सोडून त्याच घटकेला न्या.

यंदा पेटी मी चाकरमानी यायच्या पंधरा दिवस आधीच मांडली. माजघराचं दार आरतीला ओढून घेतलं. मुंबईच्या पोरांना सांगून ठेवलं, ठमी पेटीत असली की ती घरात नाही असं समजायचं. धाकट्याने दोनदा वाकून बघितलं, मग पेटीवर "ठमी बाहेर गेली आहे" असं खडूने लिहून ठेवलं.