दीक्षित की दिवेकर? तुम्हाला काय सूट होतं ते असं शोधा

मध्यंतरी घराघरात डाएटवरून हाच वाद चालू होता, काका दीक्षितवाले आणि वहिनी दिवेकरवाल्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका आणि रोज ४५ मिनिटं चाला, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं खात राहा, तूप-भात सोडू नका. दोन्हीकडे बारीक झालेले लोक भेटतात, आणि दोन्हीकडे महिन्याभरात कंटाळून परत वडापाववर आलेले पण भेटतात. म्हणून शेजारच्याचं वजन किती उतरलं ते सोडा.

आधी एक गोष्ट, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता, आणि तेव्हा खरंच भूक होती का समोर आलं म्हणून खाल्लं. बहुतेकांचा घोळ संध्याकाळच्या चहात सापडतो, चहा एकटा कधी येत नाही ना, सोबत खारी येते, कुणाचा तरी वाढदिवस असतो, आणि दिवसाचे चार कप दोन-दोन चमचे साखरेचे धरले तर आठ चमचे झाले की. त्याच आठवड्यात कमरेचं माप घ्या, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. जमलं तर एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी पण करून घ्या, त्यात साधारण तीन महिन्यांची शुगर कळते, म्हणून दर पंधरा दिवसांनी लॅबमध्ये पळण्यात काही अर्थ नाही.

मग एका वेळी एकच बदल. सगळं एकदम बदललं तर कशाचा फायदा झाला ते कळणारच नाही. समजा नाश्त्याला पोहेच खाताय तर पोहे निम्मे करा आणि सोबत मोड आलेली मटकी किंवा दोन उकडलेली अंडी घ्या, अंड्यांतूनच १२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. दोन-तीन आठवड्यांत दुपारी चारला लागणारी भूक कमी झाली तर हे तुमचं, ठेवा. दोनदाच जेवून बघायचं असेल तरी तसंच बघा, ॲसिडिटी, डोकेदुखी, चिडचिड होत असेल आणि रात्री ताटावर तुटून पडत असाल तर तो प्लॅन तुमचा नाही. आणि साबुदाणा खिचडी खाऊन केलेली एकादशी यात धरू नका, ती जवळपास सगळी पिठूळच असते!

व्यायामाचं टार्गेट आठवड्याला १५० मिनिटं, वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. सकाळी उठणं जमतच नसेल तर जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची शुगर आटोक्यात राहायला त्याचा चांगला उपयोग होतो. नुसतं चालून भागत नाही पण, आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम हवं, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस केली तरी सुरुवात होते. रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार आणि मग वर्षभर काही नाही, हे गुडघ्यांना परवडत नाही.

महिन्याने परत टेप लावा. चक्कर येतेय, केस गळतायत, पाळी पुढे-मागे होतेय तर थांबा. आणि सगळं नीट करूनही काही हललं नाही तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी थायरॉईड आणि बी१२ तपासून घ्या.